तापात पाहिलेलं घर

४ जानेवारी

प्रिय आत्या,

सप्रेम नमस्कार. तू हसणार आहेस हे धरूनच लिहिते: तुझ्या भाचीला नोकरी लागली. "इतिहास शिकून काय राजे मोजणार का?" असं तू विचारलं होतंस ना? राजे नाही, पण एका मोठ्या माणसाचं घर मात्र माझ्या ताब्यात आलं आहे. साहेबांचं बालपणीचं घर. आम्हाला चौथीत ज्याचा धडा होता, तेच.

हुद्दा सहायक संग्रहपाल. म्हणजे सकाळी कुलपं उघडायची, केर काढायचा, वस्तू जागेवर आहेत का बघायचं आणि दिवसभर लोकांना घर दाखवायचं. सहा महिने कच्ची नोकरी, मग संचालकांना योग्य वाटलं तर पक्की. बाबांना इतका आनंद झाला की दुकानात काच कापताना त्यांनी दोनदा माप चुकवलं. त्यांच्या मालकांनी विचारलं, मुलीचं लग्न ठरलं की काय. बाबा म्हणाले, त्याहून मोठं.

घर लहान आहे. पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. साहेब नऊ वर्षांचे होईपर्यंत विधवा आईबरोबर इथे राहिले. त्या वेळी जे जसं होतं ते तसंच ठेवलं आहे. त्यासाठी एक जाड वही आहे, तिला सगळे जागावही म्हणतात. प्रत्येक वस्तूचा फोटो, खाली मोजमाप. "दौत : टेबलाच्या डाव्या कडेपासून चार बोटं." मी विचारलं, बोटं कुणाची? माझ्या वरच्या किल्लीवाल्या बाई (तीस वर्षं इथे आहेत, कमरेला किल्ल्या असतात) म्हणाल्या, पहिल्या संग्रहपालाची. तो वारला, आता आपली.

आतल्या खोलीत तो पलंग आहे. धडा आठवतो ना? साहेबांना सहाव्या वर्षी नऊ दिवस ताप होता, आई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती आणि नवव्या सकाळी ताप उतरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाहेरचे लोक बरे आहेत ना?" ते सगळं तसंच आहे. स्टुलावर पांढरं एनॅमलचं भांडं. रोज सकाळी मी त्यात खुणेपर्यंत पाणी भरते, कापडाची पट्टी भिजवते, पिळते, तीन घड्या घालून उशीवर ठेवते. किल्लीवाल्या बाई म्हणतात, लोक पट्टीला हात लावून बघतात. कोरडी लागली तर त्यांचा विश्वास उडतो.

एक गंमत सांगते. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरले आणि किल्ली अडकवायला न बघता हात पुढे केला, तर तिथेच खुंटी. दाराच्या डावीकडे, कमरेच्या उंचीवर. आपल्या घरात बाबांनी ठोकली आहे अगदी तिथेच. पाहुणे नेहमी हसतात की नाही, एवढ्या खाली खुंटी कोण ठोकतं म्हणून? साहेबांची आई ठोकायची, असं आता त्यांना सांगता येईल.

तू एकदा ये. तुला तिकीट पडणार नाही.

तुझी,
पदवीधर भाची


१५ जानेवारी

पदवीधर बाई,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. शाळांच्या गणवेशाचं काम अंगावर आहे, म्हणून उशीर. दोनशे चाळीस अर्ध्या बाह्या आहेत आणि माझ्याकडची मुलगी उजव्या हाताची, तिला माझी कात्री चालत नाही, मला तिची.

नोकरी लागली, चांगलं झालं. पण मला विचारशील तर सहा महिने होऊ दे आणि दुसरीकडे अर्ज कर. मास्तरीण हो. जिवंत माणसांमध्ये राहा. मेलेल्यांच्या घरात रोज पाणी भरून ठेवायचं, हे काही कामाला काम नाही. कुणाचं तरी अंथरूण जसंच्या तसं ठेवायचं आणि त्यावर कुणी निजायचं नाही, म्हणजे काय? मी असते तर चादर तरी धुतली असती.

खुंटीचं म्हणशील तर खुंट्या सगळ्या घरांत असतात. शिकलेल्या माणसांना फार गोष्टी दिसतात.

आणि तुझ्या बाबांना तिथे घेऊन जाऊ नकोस. त्याला गर्दी सोसत नाही. तो "चल" म्हणाला तरी टाळ.

मी काही येणार नाही. मी ते घर पाहिलेलं नाही आणि पाहायची हौसही नाही. मागच्या दाराने जात-येत असलीस तर डोकं सांभाळ, तू बापासारखी उंच आहेस.

तुझी,
आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटची ओळ जास्त वेळा.

या घराला मागचं दार नाही. म्हणजे लोकांना दाखवतो त्या घराला नाही. स्वयंपाकघरात मोठं कपाट आहे. काल दुपारी ते एकटीनेच थोडं सरकवलं. मागे दार आहे. आतून खिळे मारलेलं, आणि माझ्या हनुवटीपर्यंतच उंच. तू घर पाहिलेलं नाहीस ना?

रागावून विचारत नाही. मला खरंच कळत नाही.

अजूनही काही आहे. दुपारी तासभर घर बंद असतं. किल्लीवाल्या बाई जेवून पुढच्या खोलीत पडतात, मी आत बसून टिपणं काढते. पहिल्या आठवड्यात पट्टी कोरडी पडली असेल म्हणून भिजवायला उचलली, तर ती गरम होती. खोलीत ऊन येत नाही, आत्या. चादर गार होती, उशी गार होती, भांड्यातलं पाणी गार होतं. पट्टी मात्र कुणाच्या तरी कपाळावरून आत्ता काढावी तशी. मी दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. शेवटी किल्लीवाल्या बाईंना सांगितलं. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "ती दुपारची गरमच असते. वहीत लिहू नका, म्हणजे झालं."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला ताप आला होता तेव्हा आई इथेच बसायची." मी विचारलं, तुमची आई इथे कामाला होती का? त्या म्हणाल्या, नाही, आम्ही इथेच राहायचो की. त्यांचं माहेर रेल्वेने नऊ तासांवर आहे. त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

आणि दौत. दौत टेबलाच्या डाव्या बाजूला आहे. पुस्तिकेत लिहिलंय की साहेब लहानपणी डावखुरे होते, पुढे शिक्षकांनी सवय मोडली. मी जुने कागद चाळले. साहेबांच्या चुलतभावाने लिहिलेल्या आठवणींत ते उजव्या हाताने दगड मारून काचा फोडायचे असं आहे, तेही पाच वर्षांचे असताना. म्हणजे दौत डावीकडे सापडली म्हणून साहेब डावखुरे झाले. आधी वस्तू, मग आठवण. घरपट्टीच्या नोंदवहीत बघायला गेले, तर साहेबांच्या बालपणाच्या काळातली बारा वर्षांची पानं एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी आहेत.

आपल्या घरात डावखुरी कोण आहे हे मी लिहायला नको.

हे सगळं मी उगीच उकरत नाही. घराला पन्नास वर्षं होत आली म्हणून संचालकांना नवी पुस्तिका हवी आहे, "या घराचा इतिहास". ती मी लिहायची, खाली माझी सही. पुस्तिका झाली की नोकरी पक्की. आपल्या घरातल्या कुणाचंही नाव याआधी कुठे छापून आलेलं नाही. जे छापून येईल ते खरं असावं एवढंच मला हवंय.

बाबांना मी फक्त घराचं वर्णन करून सांगितलं. ते ओशाळल्यासारखे हसले. म्हणाले, पाच वर्षांचा असताना मला ताप आला होता, तापात एक घर दिसायचं. ते कुठे गेलं म्हणून रडायचो. ताई म्हणायची, ते तापातलं घर, खरं नाही. पुढे चौथीत धडा वाचला तर तेच घर. मग मीच समजून घेतलं की तो धडा कुणीतरी मला आधीच वाचून दाखवला असणार.

आत्या, साहेबांचा धडा पुस्तकात आला तेव्हा बाबा आठ वर्षांचे होते. मी शोधून काढलं. पाचव्या वर्षी त्यांना तो कोण वाचून दाखवणार?

वाट बघते.

तुझी,
भाची


२० मार्च

प्रिय बाळ,

तुझं फेब्रुवारीतलं पत्र आणि त्यामागून आलेली दोन्ही पोचली. तब्येत ठीक आहे. शेजारच्या दुकानात फोन करून माझी चौकशी करू नकोस, त्याला वाटलं मी गेलेच.

तू एवढी शिकलीस ते मी सगळ्यांना सांगत फिरले. आता भोगते आहे.

ते घर आपलं होतं. तुझे आजोबा, आजी, मी आणि तुझा बाबा. दौत माझी. पलंगावर तुझा बाबा. त्याला नऊ नाही, चार दिवसांचा ताप होता.

साहेब त्या भागात लहानाचे मोठे झाले हे खरं. पण त्यांची आई भाड्याने राहायची, वर्षाला खोली बदलायची. त्यातली एकही खोली उरली नव्हती. स्मारक समितीला घर हवं होतं, आणि साहेबांच्या वाढदिवसाच्या आत हवं होतं. त्यांना आपलं घर पसंत पडलं. एका सकाळी गाडी आली. जे हातात मावेल ते घ्या, बाकीचं तसंच राहू द्या, म्हणाले. आजीने तुझ्या बाबाला पांघरुणासकट उचललं. तिच्या हातात तोच मावला. ओली पट्टी उशीवर पडली, गाडी निघताना ते तिचा फोटो काढत होते, ते आम्ही पाहिलं. पुढे त्या पट्टीचा धडा झाला.

बदल्यात नवीन वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या, आजोबांना शिपायाची जागा. आजोबांनी लिहून दिलं की आम्ही त्या घरात कधी राहिलो नाही. नाक मुरडू नकोस. नव्या घरात नळ होता.

समितीच्या माणसाने बजावलं, मुलाला सांभाळा, मुलं काहीही बोलतात. त्यामुळे तुझ्या बाबाला आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं की ते घर तापातलं होतं. तो विचारायचा, आम्ही सांगायचो. दीड वर्ष लागलं. मग विचारायचा थांबला.

उद्घाटनाला साहेब स्वतः आले. आम्ही गर्दीत उभे होतो. ते खिडकीपाशी गेले, चौकटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "माझी आई इथे बसून तांदूळ निवडायची." आणि रडले. खिडकीत बसायची ती माझी आई. ती माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती. पण बाळ, तो माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा मला ओळखता येतो, मी त्यातलीच आहे. त्याला खरंच आठवत होतं. घरी येताना आई मला म्हणाली, "बसतही असेल गं त्याची आई." मला त्या दिवशी जेवढी भीती वाटली तेवढी गाडी आली तेव्हाही वाटली नव्हती.

आता तुला कळलं. पुस्तिका त्यांना हवी तशी लिही, नोकरी पक्की कर. आणि बाबाला यातलं काही सांगू नकोस. त्याने त्या घराशिवाय जन्म काढला, उरलाय तेवढाही निघेल.

तुझी,
आत्या


४ एप्रिल

आत्या,

मी तुझं ऐकलं नाही. पुस्तिकेत खरं लिहिलं. तुझं नाव घातलं नाही, "त्या घरातली मोठी मुलगी" एवढंच. अकरा पानं, आणि संचालकांच्या टेबलावर ठेवली.

मला वाटलं होतं ते ओरडतील, नाहीतर मला हाकलतील. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. चष्मा काढला. मग कपाट उघडून एक फाईल माझ्यापुढे ठेवली. तिच्यात चार पत्रं होती.

एक निवृत्त कारकुनाचं. एक शाळामास्तरांचं. एक परदेशात राहणाऱ्या बाईंचं. चौथं किल्लीवाल्या बाईंचं, वीस वर्षांपूर्वीचं. चौघांनी लिहिलंय की ते घर त्यांचं होतं. चौघांच्या पत्रात गाडी येते. चौघांच्या घरात तापाने फणफणलेलं मूल आहे, चौघांची आई खिडकीत बसते. परदेशातल्या बाईंच्या पत्रात तर दौतही आहे, डावीकडे.

संचालक म्हणाले, "तुमच्या आत्या खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. हे चौघेही खोटं बोलत नाहीत, मी प्रत्येकाला भेटलोय. तीच तर पंचाईत आहे. आता मला सांगा, यातलं कुठलं छापू?"

मी मागच्या दाराचं काढलं, तर ते गल्लीतून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसतं, असं संचालक म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. मी बाहेर जाऊन पाहिलं.

पुस्तिका जुन्या माहितीवरून पुन्हा लिहायला त्यांनी मला महिना दिला आहे. महिन्याने सही, किंवा निरोप.

गेले तीन दिवस दुपारी त्या खोलीत बसले की मला कुणीतरी तांदूळ निवडताना ऐकू येतं. सुपाचा आवाज. आजीला मी पाहिलेलं नाही, तरी तिचा हात कसा चालायचा ते मला दिसतं. आणि मला भीती वाटते की उद्या मीही लिहीन, लहानपणी आम्ही इथे राहायचो.

म्हणून तुला विचारते, आणि विचारताना लाज वाटते. आत्या, हे तुला खरंच आठवतं का? की तूही धडा वाचलास, पुस्तिका वाचलीस, भाऊ तापात बडबडला ते ऐकलंस आणि मग तुला आठवायला लागलं? असं एक तरी काही सांग, जे पुस्तिकेत नाही, धड्यात नाही, त्या चार पत्रांत नाही.

तुझी,
भाची


१९ एप्रिल

बाळ,

तू विचारलंस त्याचा आधी राग आला. चार दिवस मशीनवर बसले नाही. मग स्वतःलाच विचारून बघितलं. खिडकी आठवते, पण पुस्तिकेतल्या फोटोतली. दौत आठवते, पण काचेच्या पेटीतली. आईचा चेहरा आठवायला जावं तर साहेबांच्या आईच्या तसबिरीतला येतो. सगळं त्यांनी नेलं. एकच गोष्ट नेली नाही, कारण ती त्यांना माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तुझ्या आजोबांना माहीत नव्हती, आजी न कळता गेली.

समितीने आपलं घर शोधलं नाही. मी दाखवलं.

मी अकरा वर्षांची. शाळेत समितीचा माणूस आला. हेडमास्तर शेजारी उभे. त्याने विचारलं, साहेबांची आई कुठल्या घरात राहायची, कुणी घरच्यांकडून ऐकलंय का? जो सांगेल तो उद्घाटनाच्या दिवशी साहेबांना फुलं देईल. कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी हात वर केला. डावा. डावा हात वर केला की आमच्या बाई पट्टी मारायच्या, त्या दिवशी मारली नाही.

मी म्हणाले, आमच्याच घरात. आमच्या आधी त्या राहायच्या.

त्याने विचारलं, कुठे बसायच्या? मी सांगितलं, खिडकीत. काय करायच्या? तांदूळ निवडायच्या. बाळ, मी सांगितलं ते सगळं खरं होतं. मी फक्त माझ्या आईच्या जागी त्यांची आई घातली. तो लिहून घेत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी बोललेलं कुणी लिहून घेत होतं.

पंधरा दिवसांनी गाडी आली. मला वाटलं होतं, पाटी लावतील दारावर.

मी तुला लिहिलं की उद्घाटनाला आम्ही गर्दीत उभे होतो. गर्दीत आई उभी होती. मी पुढे होते, फुलं घेऊन. साहेबांनी माझ्या गालाला हात लावला आणि विचारलं, "तू इथली का गं?" समितीचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "नाही, साहेब."

तुझ्या बाबाला दीड वर्ष सगळ्यांनी मिळून सांगितलं, असं लिहिलं ना मी? आजी रडायची, तिच्याने बोलवायचं नाही. आजोबा उठून जायचे. सांगायची मी. तो रात्री उठून विचारायचा, ताई, आपण घरी कधी जायचं? मी म्हणायचे, हेच घर, ते तापातलं. मला वाटायचं, तो विसरला की मीही सुटेन.

हे पत्र कुणाला दाखवायचं ते तू ठरव. कागदाच्या मागे पूर्ण नावाने सही केली आहे. बाबाला दाखवलंस तर तो मला परत तोंड दाखवणार नाही. मला दुसरं कुणी नाही, हे तुला माहीत आहे. तरी तू ठरव.

तुझी,
आत्या


७ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी त्याच दिवशी त्या चार पत्रांशेजारी ठेवून वाचलं. चौघांनाही ते घर हवं आहे. ते आपल्याकडून गेलं असं चौघेही लिहितात. ते मी घालवलं असं एकानेही लिहिलेलं नाही. नसलेली आठवण माणसाला येते, हे मी इथे डोळ्यांनी पाहिलं. पण अशी नाही येत. माझी खात्री झाली.

संचालकांना हे पत्र दाखवलं नाही. जी खात्री मला झाली ती त्यांना नको होती, आणि ते तुझं आहे. मी फक्त सांगितलं की जुन्या पुस्तिकेवर सही करणार नाही. ते म्हणाले, विचार करा, तुमच्या घरातली पहिलीच आहात तुम्ही. मी म्हणाले, म्हणूनच. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी माझी अकरा पानं फाडली नाहीत. फाईलमध्ये पाचवं पत्र म्हणून लावली. वीस तारखेला माझा शेवटचा दिवस.

बाबांना मी पत्र दिलं. तू रागाव, पण पाच वर्षांच्या मुलाला दीड वर्ष जे सांगितलं ते आपण अजून सांगतोच आहोत, आणि आता त्यात मीही सामील झाले असते.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. जेवले. मला म्हणाले, तुला सकाळी लवकर जायचं असेल. त्यानंतर आठ दिवस ते दुकानात जातात आणि येतात. तुला लिहिलंय का, विचारलं तर पंख्याकडे बघतात.

मी बरोबर केलं असं मला वाटतं. बरं केलं का, ते माहीत नाही.

तुझी,
भाची


२१ मे

ताई,

साष्टांग नमस्कार. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

तुझ्यावर खूप राग होता. अजून आहे. तो बाजूला ठेवून लिहितो.

काल पोरीचा शेवटचा दिवस होता. तिला न सांगता गेलो. तिकीट काढलं, रांगेत उभा राहिलो. ती लोकांना माहिती सांगत होती, मला पाहून तिचा आवाज अडखळला, पण थांबली नाही. चांगलं बोलते. शिक्षिका होईल.

मला वाटलं होतं, आत पाय ठेवताच सगळं ओळखू येईल. काहीच ओळखू आलं नाही. जन्मभर जे घर डोळ्यांपुढे होतं, ते तिथे नव्हतं. ते लहान होतं, स्वच्छ होतं आणि साहेबांचं होतं. मला वाटलं, ताईने त्या वेळीच खरं सांगितलं असेल.

मग आतल्या खोलीत आलो. पलंगापुढे दोर बांधलेला आहे. मी दोराखालून गेलो आणि पलंगावर निजलो. का, ते विचारू नकोस. ठरवलेलं नव्हतं. पाय बाहेर राहिले, गुडघे दुमडले. डोळे मिटले आणि ताई, वर बघायच्या आधीच मला कळलं की छताच्या त्या कोपऱ्यात घोड्याच्या तोंडासारखा ओलीचा डाग असणार. डोळे उघडले. होता. मोठा झालाय.

पोरीचं काम मला उठवायचं होतं. ती दारात उभी राहिली, उठवलं नाही.

आणि मागून दुसरे लोक आत आले. मला वाटलं, हाकलतील, हसतील. कुणी हसलं नाही. त्यांना वाटलं, हे दाखवण्यासाठीच आहे. एक बाई शेजारणीला हळू आवाजात सांगायला लागली, नऊ दिवस ताप होता, आई इथे बसायची. दुसऱ्या एकाने पुढचं सांगितलं. सगळ्यांना सगळं पाठ आहे. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. माझा ताप, माझी आई, आणि ते सगळे साहेबांबद्दल बोलत होते. तू हात वर केलास ते मात्र कुणीच बोललं नाही. ते मी कुणाला सांगणार नाही. पोरीलाही बजावलंय.

मग ती बाई दोरापाशी आली आणि म्हणाली, "साहेब, आता बरं वाटतंय ना?" तिने मान लववली.

मी म्हणालो, "हो, बरं वाटतंय. बाहेरचे लोक बरे आहेत ना?"

ताई, मी चेष्टा केली नाही. ते माझ्या तोंडून आलं. तेवढा वेळ मला खरंच आठवत होतं की मी नऊ वर्षांचा होईपर्यंत तिथे राहिलो, मग मोठा माणूस झालो आणि एका मुलीने मला फुलं दिली. तिचा गाल माझ्या हाताला लागला. तो अजून लागतो आहे. आज दुकानात मालकांनी मला दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही, ते दुसऱ्या कुणाला बोलावतात असं मला वाटलं.

तू ये. रागाचं नंतर बघू, भांडायला आपल्याला जागा पुष्कळ आहे. कात्री ठेव, गाडीत बस आणि आधी ये. मला जन्मापासून ओळखणारं आता फक्त तूच आहेस. दारात उभी राहा आणि मला माझ्या नावाने हाक मार.

तुझा,
धाकटा